स्वस्तात पडलेला कॅमेरा

शंकेखोर : कॅमेऱ्यावरची सूट मला नेहमीच संशयास्पद वाटते. दसरा-दिवाळी आली की ‘एक बॉडी, दोन झूम लेन्स, शिवाय बॅग आणि मेमरी कार्ड मोफत’ अशा जाहिराती लागतात, आणि ओळखीपाळखीचे लोक मला विचारू लागतात, ‘हा घेऊन टाकू का?’ मी विचारतो, कशासाठी? उत्तर येतं, ‘फोटोग्राफीची आवड आहे म्हणून.’ आवड माणसांची, पक्ष्यांची की गडकिल्ल्यांची, याचा पत्ता नसतो. अठरा-पंचावन्न आणि सत्तर-तीनशे हे लेन्सचे आकडे मात्र तोंडपाठ असतात. आता दुकानदार सूट कशावर देतो? त्याला गोदामातून जे हलवायचं असतं त्यावर. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले; २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्या खाली होता. मधल्या तेरा वर्षांत फोनने हा धंदा गिळला. उरलेल्या गिऱ्हाइकांसाठी कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०१८ मध्ये फुल फ्रेम मिररलेसचे नवे माउंट आणले, म्हणजे नव्या लेन्सांचं सगळं घराणंच वेगळं. तुमच्या हाती सवलतीत पडतो तो डीएसएलआर, ज्याच्यासाठी नवी लेन्स निघणं जवळजवळ थांबलंय. याला मी स्वस्त म्हणत नाही. कंपनीचं ओझं आपल्या कपाटात आलं, एवढंच.

हौशी : ते ओझं माझ्या कपाटात येऊ द्या, मला आनंदच आहे. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. एवढ्या वर्षांत या दोन घराण्यांच्या किती लेन्स निघाल्या असतील आणि त्यातल्या किती आज कुणाच्या तरी कपाटात पडून असतील, विचार करा. ज्यांच्याकडे पैसा आहे ते मिररलेसकडे गेले, आणि जाताना जुनं विकून गेले. एरवी ज्या लेन्सकडे मी दुकानाच्या काचेबाहेरून बघत बसले असते, ती आज माझ्या पगारात बसते. कंपनीने पाठ फिरवली म्हणून लेन्समधून उजेड यायचा थांबत नाही. आणि फोटोच्या दर्जाचं म्हणाल, तर आकडेमोड करू. फोर-के टीव्हीचा पडदा म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जेमतेम ८.३ मेगापिक्सेल. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची ३०० डीपीआयने प्रिंट काढली तर ती १३ बाय १० इंचांची होते. तेवढी प्रिंट आपल्यापैकी कितीजण भिंतीवर लावतात? म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीचा सोळा-अठरा मेगापिक्सेलचा कॅमेरा आजही आपल्याला पुरून उरतो. नव्यात फोकस चपळ आहे, व्हिडिओ सरस आहे, डोळे हुडकून त्यांवर फोकस धरतो, हे मान्य. पण आपल्याला त्यातलं काय लागणार, हे ठरवायला आधी हातात काहीतरी हवं ना?

शंकेखोर : हातात काय पडेल याची मला काळजी वाटते. बैल घेताना दात मोजणारा माणूस लेन्स घेताना मात्र बाहेरची चकाकी बघून पैसे मोजतो. एक ठळक उदाहरण देतो. निकॉनच्या जुन्या एएफ-डी प्रकारच्या लेन्स सेकंड हँड बाजारात स्वस्त मिळतात आणि लोक त्यांवर तुटून पडतात. त्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. ती बॉडीत असावी लागते. आणि नवशिके घेतात त्या डी-तीन हजार आणि डी-पाच हजार मालिकांतल्या बॉड्यांमध्ये ती नाहीच. घरी आल्यावर लेन्स बसते, फोटोही निघतो, फक्त फोकस हाताने फिरवत बसावं लागतं. निकॉनचा मिररलेससाठीचा अडॅप्टर लावला तरी तेच. विकणाऱ्याने खोटं काही सांगितलेलं नसतं. घेणाऱ्याने विचारलेलं नसतं. मग फंगस. मुंबई-कोकणात चार महिने हवेत जी ओल असते तिच्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी चढते, आणि ती काचेवरचं कोटिंग खाते. पुसून गेली तरी डाग राहतो. ग्रे मार्केटचा माल घेतला तर भारतातली वॉरंटी नाही. नकली मेमरी कार्डवर १२८ जीबी छापलेलं असतं आणि आत प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी कमी. भरत आलं की जुन्या फाइलींवर नव्या चढतात, आणि लग्नाचा अर्धा दिवस गायब. नव्या कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २०१९ च्या सुरुवातीला २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा तरी निदान बिलाचा माल घ्यायला लोक धजावतील असं वाटलं होतं. पण ‘बिलाशिवाय किती?’ हा प्रश्न काही सुटत नाही.

हौशी : तुम्ही सांगितलेली प्रत्येक भीती दहा मिनिटांत तपासता येते. मुंबईच्या बोरा बाजारात जा, नाहीतर दिल्लीच्या कुचा चौधरीत. मी तर म्हणते घ्यायचं नसलं तरी जा. लेन्स हातात घ्यायची, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, एका टोकाला मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि दुसऱ्या टोकाकडून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर लेन्स तिथेच ठेवायची. धुळीचे चार कण दिसले तर घाबरायचं नाही, फोटोत ते दिसतही नाहीत. झूम असेल तर दोन्ही टोकांना फोकस धरतो का पाहायचं. बॉडीचं शटर साधारण एक ते दोन लाख उघडझापींच्या हिशेबाने बनवलेलं असतं. निकॉनमध्ये किती झाल्या ते फोटोच्या फाइलीतच नोंदलेलं असतं, कॅननच्या बऱ्याच मॉडेल्ससाठी सॉफ्टवेअर लागतं. सेन्सरवर डाग आहेत का? अ‍ॅपर्चर एफ/१६ वर ठेवून, फोकस बिघडवून आकाशाचा एक फोटो काढायचा. काळे ठिपके लगेच उमटतात. बॅटरी फुगली आहे का, ग्रिपचं रबर सुटलंय का, हे बोटांनाच कळतं. कार्डाची खरी क्षमता तपासणारी फुकट सॉफ्टवेअर आहेत, ती ते पूर्ण भरून परत वाचून बघतात. आणि मोटरचा प्रश्न? तो एका वाक्यात विचारायचा : ‘या बॉडीवर ऑटोफोकस होतो का, आत्ता करून दाखवा.’

पावसाळ्याचंही तेच. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि दीडदोनशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची. फार कोरडंही नको, रबर आणि ग्रीस सुकतं. निळं जेल गुलाबी झालं की ते तापवून परत निळं करता येतं. मात्र त्यासाठी स्वयंपाकाची कढई वापरू नका, निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं संयुग असतं. ही तपासणी करताना माणूस फक्त फसवणूक टाळत नाही. एफ/१६ वर सेन्सरचे डाग का दिसतात आणि एफ/२ वर का लपतात, हे ज्याला कळलं त्याला अ‍ॅपर्चर कळलं. पुस्तकातून वर्षभर वाचून जे डोक्यात शिरत नाही ते जुनी लेन्स उलटसुलट करून बघताना शिरतं.

शंकेखोर : बरं, वस्तू आली. मग सुरू होतात युक्त्या. ‘पक्ष्यांसाठी शटर १/२००० ठेवा.’ ‘धबधब्यासाठी ट्रायपॉडवर एक सेकंद, पाणी दुधासारखं येईल.’ ‘रूल ऑफ थर्ड्स.’ ‘सूर्य उगवताना आणि मावळताना.’ परिणाम काय होतो ते बघा. भिगवणचे रोहित सगळे एकाच उडीत, पाण्यावरून धावत उठताना. कास पठारावर सगळे पोटावर झोपलेले, पुढे फूल तीक्ष्ण आणि मागे ढग पुसट. माळशेजला सगळं पाणी दुधाळ. आणि काजव्यांचा फोटो तर कळस आहे! मेअखेरीला, पावसाच्या तोंडावर, पुरुषवाडीला किंवा राजमाचीला जाऊन लोक झाडावर हजारो ठिपक्यांचा फोटो काढतात. तो बऱ्याचदा एक फोटो नसतोच. पाऊणएक तास ओळीने काढलेल्या कितीतरी फोटोंची एकावर एक ठेवलेली चळत असते. त्या झाडाजवळ उभ्या असलेल्या माणसाला तसं झाड एका क्षणीही दिसलेलं नसतं. वर टॉर्च आणि फ्लॅश मारून त्या काजव्यांचा जोडीदाराशी चाललेला इशारा बिघडवून टाकायचा. युक्त्या सांगणाऱ्याने फोटो चांगले यावेत म्हणून सांगितल्या. आले ते सारखे फोटो. दहा जणांचे फोटो शेजारी ठेवा, कुठला कुणाचा ते त्यांच्या त्यांनाही ओळखता येणार नाही. उलट सुधारक ओलवे यांचं मुंबईच्या सफाई कामगारांवरचं काम आठवा. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंसमोर उभं राहिल्यावर तिथे कुठला शटर स्पीड असेल, हा प्रश्न मनात येतो का?

हौशी : ओलवे वर्तमानपत्रातले व्यावसायिक फोटोग्राफर, आणि त्या माणसांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं घालवली. माझ्या वाट्याला येतो रविवार, तोही सगळा नाही. हौशी माणसाला व्यावसायिकाच्या मापाने मोजलंत तर तो हरणारच, आणि मग तुम्ही म्हणणार, कॅमेरा कशाला घेतलास. तुमचा एक मुद्दा मी उचलते : चौकट कशी करावी याचे नियम सगळ्यांना सारखं करतात. स्क्रीनवरच्या त्या दोन उभ्या, दोन आडव्या रेषा मी कधीच बंद केल्या. पण उजेडाचं तंत्र वेगळं. कॅमेऱ्याचा मीटर समोर दिसतं ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. आजचे मीटर बरेच हुशार झालेत, तरी चौकट एकाच रंगाने भरली की फसतात. वारीतले पांढरे सदरे आणि टोप्या मळकट येतात. काळी म्हैस धुरकट राखाडी येते. पांढऱ्यासाठी एक्सपोजर एक पायरी वर, काळ्यासाठी एक पायरी खाली, एवढं ज्याला माहीत आहे त्याच्या फोटोत पांढरं पांढरं राहतं. यात सगळ्यांसारखं होण्याचा प्रश्न कुठे येतो? हे न समजल्यामुळेच फोटो सारखे होतात, कारण मग कॅमेराच सगळं ठरवतो.

शंकेखोर : कॅमेरा ठरवतो, नाहीतर फोन ठरवतो. आणि फोन तुमच्यापेक्षा चांगलं ठरवतो, हेच तर मी म्हणतोय. तुमचा पांढरा सदरा फोन स्वतःहून सांभाळतो. एका बोटात आठ-दहा फोटो काढून, जुळवून, उजळ-गडद भाग सावरून एकच फोटो देतो. २०१८ मध्ये गूगलने पिक्सेल फोनात नाइट साइट आणलं, तेव्हापासून अंधारातसुद्धा ट्रायपॉडची गरज उरली नाही. ज्याच्या खिशात हे सगळं आहे त्याने जुना डीएसएलआर गळ्यात का अडकवावा?

हौशी : कारण फोन आठ फोटो जुळवतो तेव्हा त्या आठही फोटोंत जग स्थिर असावं लागतं. देऊळ, समई, रस्ता, चंद्र असेल तर फोन जिंकतो. पण घरात संध्याकाळी साडेसातला धावणारं पोर? जात्यावर बसलेली, हात फिरत असलेली आजी? तिथे जुळवाजुळव फसते आणि हाताच्या जागी पुसट काहीतरी उरतं. मग फोन ते पुसट चोपडून, धारदार करून देतो, आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्यात वाहून जातात. क्षेत्रफळ बघा. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. आपल्यासारख्यांच्या क्रॉप सेन्सरचं सुमारे ३७०. आणि फोनमध्ये ज्याची ‘एक इंच’ म्हणून जाहिरात होते त्या मोठ्यात मोठ्या सेन्सरचं सुमारे ११६. उजेड साठवायला तेवढीच जागा.

आता मी माझी खरी गोष्ट सांगते. आपण ज्याला अवघड फोटोग्राफी म्हणतो, म्हणजे वाघ, किल्ला, धबधबा, ती दुपारच्या किंवा सकाळच्या उजेडात होते. तिथे उजेड भरपूर. बॉडीसोबत किटमध्ये येणाऱ्या लेन्स सहज चालतात. सगळ्यांत अवघड जागा म्हणजे आपलं घर. माजघर, देवघर, कार्यालयातला पिवळा उजेड, बारशाची खोली. अठरा-पंचावन्नची किट लेन्स पंचावन्नला नेली की तिचं अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. पन्नासची एफ/१.८ लेन्स, जी कॅनन-निकॉनच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी आहे, ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. दहापट! आयएसओ १६०० वर किट लेन्सला १/८ सेकंद लागत असेल तर हिला १/८०. पहिल्यात आजीचा हात हलतो, दुसऱ्यात थांबतो. म्हणून मी म्हणते, ज्यांना कॅमेरा ‘आवड म्हणून’ घ्यायचा आहे त्यांनी सत्तर-तीनशेच्या ऐवजी ही छोटी लेन्स घ्यावी. जाहिरात वाघाची करतात. अडतं ते घरात.

शंकेखोर : इथे तुम्ही मला अर्धं पटवलंत. पण त्याच लेन्सने माझी सगळ्यांत मोठी तक्रार सुरू होते. ती एफ/१.८ ला उघडलीत की दोन मीटरवरून फोकसची खोली किती? वीतभरसुद्धा नाही, दहा-बारा सेंटिमीटर. आजीचा चेहरा लखलखीत आणि मागचं घर धुक्यात. याला लोक ‘प्रोफेशनल लुक’ म्हणतात, फोनवाले पोर्ट्रेट मोडमध्ये खोटा धूसरपणा घालून तोच विकतात. तीस वर्षांनी तो फोटो कुणाच्या हाती पडेल तेव्हा त्याला काय बघायचं असेल? भिंतीवरचं कालनिर्णय, फळीवरचे डबे, खिळ्याला अडकवलेली छत्री, कोनाड्यातला रेडिओ. आजीचा चेहरा लग्नाच्या अल्बमातही सापडेल. ती ज्या स्वयंपाकघरात वावरली ते कुठे सापडणार? भारतात बनणाऱ्या आगफा क्लिक-थ्रीने, १२० च्या रोलवर बारा फोटो काढून, आमच्या मागच्या पिढीने जे काही टिपलं त्यात मागची भिंत दिसते. कारण त्या डबड्याचं अ‍ॅपर्चर बारीक होतं आणि फोकस कायमचा एका जागी बसवलेला. स्वस्त लेन्सचा दोष म्हणून जे मिळालं ते आज आपल्याला सगळ्यांत मोलाचं वाटतं. आणि तुम्ही पैसे देऊन ते पुसायला निघालात.

(दोघांची बाजू मांडताना माझं माप बहुतेक वेळा हौशीकडे झुकतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण या मुद्द्यावर मी शंकेखोरासोबत आहे. कौटुंबिक फोटोंतला धूसरपणा ही अलीकडची रोगट फॅशन आहे.)

हौशी : मग अ‍ॅपर्चर बंद करा. कुणी अडवलंय? एफ/४, शटर १/६०, आयएसओ ६४००. दाणे दिसतील, दिसू देत. प्रिंट काढली की निम्मे तिथेच नाहीसे होतात.

शंकेखोर : एफ/४ ला पन्नासची लेन्स दोन मीटरवर पाव मीटरच स्पष्ट देते. कालनिर्णय तरीही धुक्यातच. मला हवा तो फोटो तुमच्या स्वस्त रत्नाने निघत नाही. तो निघतो त्याच किट लेन्सच्या अठराच्या टोकाने, जिला सगळे नाकं मुरडतात. अठराला ती एफ/३.५ पर्यंत उघडते, आणि दोन मीटरवर खोली मिळते सुमारे दोन मीटर. आजी आणि तिच्या मागची फळी, दोन्ही. हात थोडा हलला तरी रुंद लेन्सवर तो कमी दिसतो. थोडक्यात, फुकट पदरात पडलेली लेन्सच घराची लेन्स आहे, आणि तुम्ही लोकांना अजून एक लेन्स विकत घ्यायला लावताय.

हौशी : हे मला मान्य करावंच लागेल, आणि थोडं हसूही येतंय, कारण लेन्सच्या विरोधात बोलता बोलता तुम्ही लेन्सचंच कौतुक केलंत. पण अठराची किंमतही मोजा. एफ/३.५ ला माझ्या लेन्सच्या जवळजवळ एक चतुर्थांश उजेड येतो, म्हणजे १/८० हवा तर आयएसओ ६४०० आलाच. आजीच्या जवळ गेलात तर तिचं नाक मोठं आणि कान लहान येतात. चौकटीच्या कडेला बसलेलं माणूस ताणलं जातं. म्हणून दोन मीटर लांब राहायचं, आणि जुन्या घरातल्या स्वयंपाकघरात दोन मीटर मागे सरकायला जागा असतेच असं नाही. तुम्हाला भिंत मिळाली, मला डोळे मिळाले. एकाच वेळी दोन्ही हवं असेल तर उजेड वाढवा : दार उघडा, माणसाला खिडकीकडे वळवा, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा धरा. किंवा स्वस्तातला फ्लॅश घेऊन छताकडे तोंड करून उडवा. फ्लॅट असेल, छत पांढरं असेल, तर सगळी खोली एकसारखी उजळते. पण कोकणातल्या घरात तेच करून बघा! वर मंगलोरी कौलं आणि काळपट वासे. उजेड तिकडे गेला की परत येत नाही. तिथे फ्लॅश चुन्याच्या भिंतीवर मारायचा, किंवा दोरीवर पांढरी चादर टाकून तिच्यावर. मला युक्त्या आवडतात त्या याच कारणाने. दुधाळ धबधब्याची युक्ती सगळीकडे चालते म्हणून ती सगळ्यांना सारखं करते. कौलांची युक्ती त्या एका घरातच चालते.

शंकेखोर : हा फरक मी मान्य करतो. म्हणजे प्रत्येक आकड्याला काहीतरी द्यावं लागतं : उघडं अ‍ॅपर्चर घर खातं, बारीक अ‍ॅपर्चर हालचाल खातं, वाढलेला आयएसओ कातडीचा पोत खातो, फ्लॅश संध्याकाळचा रंग खातो. काय गेलं तर चालेल, हे आधी ठरवायचं. पण मग मला सांगा, जो माणूस एका संध्याकाळी बाराशे फोटो काढतो तो हे ठरवतो का? फोटो काढणं फुकट झालं ही सगळ्यांत मोठी सवलत, आणि मला तीच महाग वाटते. क्लिक-थ्रीवाल्याकडे बारा होते. पस्तीस मिलिमीटरवाल्याकडे छत्तीस. तो आधी बघायचा, मग दाबायचा. आपण आधी दाबतो आणि बघायचं पुढे ढकलतो. ते ढकललेलं बघणं मग हार्ड डिस्कवर साचतं. एक डिस्क भरली की दुसरी, दोन्हींची प्रत म्हणून तिसरी. सुट्टीत निवडू, असं म्हणत वर्षं जातात. माझं ऐकाल तर लहान कार्ड घ्या.

हौशी : तुमची बाराची शिस्त ज्यांना परवडत होती त्यांची होती. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा हौशी म्हणजे कोण होते? बहुतेक इंग्रज अधिकारी, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मोजके डॉक्टर-विद्वान. पुढे शंभर वर्षं, क्लिक-थ्री येईपर्यंत, कॅमेरा घरातल्या एका पुरुषाच्या हाती असायचा आणि रोल वाया जाईल म्हणून तो बायकांच्या आणि मुलांच्या हाती दिला जात नसे. मी शिकले ती चुका फुकट झाल्या म्हणून शिकले. प्रत्येक फोटोबरोबर शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ लिहून येतो. हलका हललेला फोटो उघडते, १/३० दिसतो, कळतं. रोलच्या दिवसांत हे वहीत लिहून ठेवणारा शंभरात एखादा. रॉमध्ये काढलं तर दुसऱ्या दिवशी सावलीतला चेहराही थोडा वर आणता येतो, आणि त्यासाठी महिन्याचं भाडं भरायची गरज नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पहिले काही दिवस डोकं खातात, हे खरं. निवडण्याचा आळस हा कॅमेऱ्याचा दोष नाही. लहान कार्ड घ्यायचं तर घ्या. मी मात्र बाराव्या फोटोनंतर पोराने पहिलं पाऊल टाकलं तर कुणाला जाब विचारू?

शंकेखोर : आणि बाराशेव्या फोटोपर्यंत ते पाऊल तुम्ही फक्त काचेतूनच पाहिलेलं असेल. असो, यावर आपलं जमणार नाही. माझी सूचना एवढीच : विकत घेण्याआधी भाड्याने घ्या. मुंबई-पुण्यात दिवसाच्या भाड्याने बॉडी-लेन्स मिळतात. शनिवारी आणा, घरात वापरा, काय गेलं तर चालत नाही ते कळेल. मग पैसे खर्च करा.

हौशी : शनिवारी आणलेल्या कॅमेऱ्याने शनिवारचा फोटो निघतो. सगळे जरा नीट बसतात, केस सारखे करतात. मला मंगळवारचा हवा असतो. कॅमेरा फळीवर पडून राहून, घरच्यांना त्याचं काही वाटेनासं होईपर्यंत तो निघत नाही. म्हणून मी म्हणते, जुना घ्या, पण स्वतःचा घ्या. काय गमवायचं ते वर्षभराने कळलं तरी चालेल.

शंकेखोर : त्या वर्षभराच्या मंगळवारांत एक माणूस मात्र कधीच नसेल : तुम्ही. घरात हौशी फोटोग्राफर असला की अल्बमात तोच नसतो. यावर तुमच्याकडे युक्ती आहे का?

हौशी : आहे. अठरावर लेन्स, अ‍ॅपर्चर जितकं उघडेल तितकं, शटर किमान १/८०, आयएसओ ऑटो, फोकस कॅमेऱ्यावर सोडून. एवढं लावून कॅमेरा आईच्या हातात द्यायचा आणि आपण समोर जाऊन भाजी निवडायला बसायचं. ती काढते. वाकडे काढते, एकदोनदा माझं डोकंही कापते, पण काढते.

शंकेखोर : आणि नंतर तुम्ही डार्कटेबलमध्ये तो फोटो सरळ करता.

हौशी : करते की. क्षितिज दोन अंश तिरकं असेल तर डोळ्यांना खुपतं.

शंकेखोर : स्वयंपाकघरात कसलं क्षितिज?

हौशी : ओट्याची कडा.

शंकेखोर : ती तिरकी राहू द्या. सरळ करायला फिरवलंत की चारही कोपरे थोडे कापले जातात, आणि कालनिर्णय कोपऱ्यातच असतं.

हौशी : मग मूळ फाइलही ठेवीन, सरळ केलेलीही ठेवीन.

शंकेखोर : म्हणजे आणखी एक हार्ड डिस्क.